जुनी पिकअप : ब्रेक दाबला की मागून धडधड, लायनर-ड्रम करूनही जात नाही

निवांत_चालक

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

गाडी जुनी पिकअप. ताकद मागच्या चाकांना, मागे पाटे आणि ड्रम ब्रेक, पुढे डिस्क ब्रेक. माझ्याकडे सेकंडहँड आली, आधीच्या मालकाने तिच्यावर काय काय लादलं असेल देव जाणे. तक्रार एकच आहे. सत्तर-ऐंशीच्या वेगात ब्रेकवर हलका पाय ठेवला की सीटखालून धडधड सुरू होते. स्टिअरिंग शांत. वेग चाळीसच्या खाली आला की ठोके सुटे सुटे होतात आणि पेडलवरही कळतात. अगदी थांबताना गाडी अडखळत थांबते. गंमत म्हणजे जोरात ब्रेक मारला तर त्रास कमी वाटतो.

आतापर्यंत केलेलं काम : दोन्ही ड्रम लेथवर मारले (आतून कातून गोल केले), लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) नवे, व्हील सिलिंडर नवे, चारही चाकांचं बॅलन्सिंग. लेथ मारून आणल्यावर थोडे दिवस बरं वाटलं, मग पहिले पाढे पंचावन्न.

एक मेकॅनिक म्हणतो ड्रम नवेच टाका. दुसरा म्हणतो प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, गेलाय. तिसऱ्याने चक्कर मारली आणि "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच" म्हणून किल्ली हातात दिली.

आणखी एखादा पार्ट विकत घेण्याआधी बिघाड नक्की कुठे आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

उंटावरचा

तिसरा मेकॅनिक सोडू नका. बिल न करणारा मेकॅनिक आहे तो.

चौथा_गिअर

ड्रम नवे टाका आणि मोकळे व्हा. लेथ मारलेला ड्रम पातळ होतो, पातळ झाला की लवकर तापतो, तापला की आऊट येतो, म्हणजे नीट गोल फिरत नाही. माझ्या गाडीला हेच झालं होतं, नवे ड्रम टाकले, विषय संपला. उगाच शोधाशोध कशाला?

तेलकट_हात

चौथा_गिअर, तुमचा विषय संपला कारण तुमच्या गाडीत बिघाड ड्रममध्येच होता. यांचा तिथेच आहे हे अजून कुठे ठरलंय?

निवांत, आधी बिघाड पुढचा की मागचा एवढंच ठरवा. स्टिअरिंग शांत म्हणजे मागचं, हा ठोकताळा बऱ्याचदा चालतो, पण त्यावर पैसे लावू नका. काही गाड्यांत पुढच्या डिस्कची थरथरही स्टिअरिंगपर्यंत फारशी पोचत नाही.

मोकळा, सरळ, कोरडा रस्ता बघा. चाळीसच्या आसपास वेग ठेवा. हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबूनच धरा, म्हणजे दांडा अडकणार नाही, आणि हळूहळू ओढा. पाय ब्रेकवर नको. धडधड आली तर ती मागचीच, कारण हँडब्रेक फक्त मागच्या शूला (ज्यावर लायनर असतो त्या कमानीला) ओढतो. नाही आली तर पुढे बघा.

सरळमार्गी

चालत्या गाडीत हँडब्रेक ओढायला सांगताय? रिकामी पिकअप मागून मुळातच हलकी असते. ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक झाली तर गाडी आडवी होईल.

तेलकट_हात

म्हणूनच कोरडा रस्ता, कमी वेग आणि बटण दाबलेलं, हे तिन्ही लिहिलंय. हळू ओढायचंय, जरा घसरल्यासारखं वाटलं की सोडून द्यायचं.

एक मात्र तुमच्यामुळे आठवलं, ते महत्त्वाचं आहे. काही जुन्या ट्रक-पिकअपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतोच. गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर वेगळा ड्रम असतो. तसा असेल तर चालत्या गाडीत अजिबात हात लावायचा नाही. क्रॉस आणि गिअर दोन्ही झटका खातात. आधी गाडीखाली वाकून केबल कुठे जातेय ते बघा. मागच्या चाकांकडे दोन केबल जात असतील तर चाचणी करायला हरकत नाही.

गप्पिष्ट

वाचतोय. आमच्या पिकअपचं दुखणं थोडं वेगळं आहे, फुरसतीने लिहितो.

मापात_पाप

मला आकडे आवडतात, म्हणून जरा हिशोब करू या.

टायरचा व्यास साधारण ७० सेंमी धरा. एका फेऱ्यात गाडी सुमारे २.२ मीटर पुढे जाते. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण १० फेरे मारतं. मागचा गिअर रेशो ४.१ असेल तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टचे सेकंदाला ४१ फेरे होतात.

आता बिघाड ओळखायची किल्ली. ड्रम किंवा चाक मध्यापासून सरकलेलं असेल, तर एका फेऱ्याला एक ठोका. ड्रम लंबगोल झाला असेल तर फेऱ्याला दोन, कारण लंबगोलाला दोन जवळच्या बाजू असतात. शाफ्टचा दोष असेल तर ठोके मोजताच येत नाहीत इतके जलद पडतात, त्याची झिणझिण किंवा घुमणारा आवाज होतो. तुम्ही "सुटे सुटे ठोके" लिहिलंय, तेव्हा शाफ्टवर माझा संशय कमी आहे.

खात्री करायची असेल तर मोकळ्या सपाट जागेत मागच्या टायरवर खडूने एक जाड रेघ मारा. गाडी चालण्याच्या वेगाने सोडा, ब्रेकवर अगदी हलका पाय. बाजूने, गाडीपासून अंतर राखून, एकाने चालत रेघेवर लक्ष ठेवायचं. गाडी अडखळते तेव्हा रेघ कुठे असते? एकाच जागी की समोरासमोर दोन जागी?

उंटावरचा

खडू घेऊन गाडीबरोबर चालणारा माणूस शेजाऱ्यांनी पाहिला की पुढचा धागा त्यांचा.

जुनं_सोनं

मापात_पाप यांचा हिशोब पटला, पण शाफ्ट इतक्यात सोडू नका. पाट्यावर बसलेलं हौसिंग (मागच्या एक्सलचं कवच) ब्रेक दाबल्यावर जागच्या जागी थोडं फिरतं. गाडी वेग घेताना त्याचं नाक वर जातं, ब्रेक मारताना खाली. यू-बोल्ट (हौसिंग पाट्याला आवळणारे) सैल असतील, पाट्याचा मधला बोल्ट तुटला असेल किंवा बुश खल्लास असतील तर हे फिरणं वाढतं, क्रॉसचा कोन बदलतो आणि फक्त ब्रेकच्या वेळी मागून दणके बसतात. आमच्याकडे एका गाडीचे ड्रम-लायनर सगळे झाले आणि शेवटी निघाले सैल यू-बोल्ट.

खाली झोपून बघाच. यू-बोल्टच्या नटाजवळ घासल्याची चकचकीत रेघ किंवा लालसर भुकटी दिसली तर काहीतरी हलतंय. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगचं रबरही हाताने हलवून बघा.

तेलकट_हात

+१. यू-बोल्ट बघायला पाचच मिनिटं लागतात आणि लोक तेच शेवटी बघतात.

रात्रपाळी

एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे का गाडीला? जुन्या काही पिकअपमध्ये एबीएस फक्त मागच्या चाकांपुरतं असायचं. त्याचा सेन्सर मळला किंवा दातेरी रिंग तुटली की थांबायच्या जरा आधी एबीएस उगाच जागं होतं, पेडल पायाखाली थडथडतं आणि माणूस ड्रमला शिव्या घालतो. मोकळ्या जागेत एबीएसचा फ्यूज काढून एकदा ब्रेक मारून बघायचा. थडथड गेली तर सेन्सरकडे बघा. फ्यूज मात्र लगेच परत बसवायचा.

निवांत_चालक

सगळ्यांचे आभार. एबीएस नाही. केबल मागच्या दोन्ही चाकांकडे जातात, म्हणून हँडब्रेकची चाचणी केली. धडधड स्पष्ट आली आणि दांडाही हातात मागेपुढे होत होता. म्हणजे मागचंच. यू-बोल्ट घट्ट आहेत, कुठे भुकटी नाही. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून पाहिली, काहीच फरक नाही.

खडूची चाचणी केली. शेजाऱ्यांनी पाहिलं. डावीकडे दोन जागी अडखळते असं वाटलं, पण उजवीकडचं गणित काही कळेना.

चौथा_गिअर

दोन जागी म्हणजे लंबगोल. म्हणजे ड्रम. पहिल्याच प्रतिसादात हेच म्हणालो होतो.

लेथवाला

ड्रमवर एवढं तोंडसुख चाललंय म्हणून बोलतो, माझा रोजचाच धंदा आहे हा.

ड्रम लेथवर चढतो तेव्हा मधल्या भोकावर सेंटर होतो आणि बसायची बाजू सपाट टेकते. तिथे तो फिरून गोल होतो. पण तो गोल असतो लेथच्या मध्याशी. गाडीवर तोच ड्रम एक्सलच्या फ्लँजवर (टोकाच्या सपाट चकतीवर) बसतो. त्या फ्लँजवर गंजाचा थर असेल, स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या बोल्टच्या) बुडाशी फुगवटा असेल किंवा फ्लँजच वाकडा असेल, तर बाकावर गोल असलेला ड्रम गाडीवर आऊट येणारच. मग माणूस परत आमच्याकडे, "नीट मारला नाही" म्हणत.

आमच्यातही हलगर्जी असते, नाही असं नाही. हत्यार घाईने फिरवलं की आत आट्यासारखी नक्षी पडते. मग शू त्या आट्यावरून बाहेर सरकतो आणि स्प्रिंगने परत जागेवर येतो, कट्ट असा आवाज होतो. ड्रमला बाहेरून रबरी पट्टा न गुंडाळता मारला की हत्यार थरथरतं आणि आत बारीक लाटा राहतात. नखाने घासून बघा, लाट कळते.

आणि ड्रमच्या बाहेर किंवा आत जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. त्याच्यापुढे गेलेला ड्रम मी मारत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

जुनं_सोनं

लेथवाला, निळे-काळे डाग असलेल्या ड्रमचं काय करता?

लेथवाला

ड्रम अति तापून झटकन थंड झाला की बिडाच्या त्या जागा कडक होतात आणि किंचित उचलल्या जातात. साधं हत्यार त्यावरून उडी मारतं. बाजूचा भाग कापला जातो, डाग तसाच टेकाड बनून राहतो. ग्राइंडिंग केलं तरी कडकपणा आत खोल असू शकतो, काही दिवसांनी डाग पुन्हा डोकं वर काढतो. असे ड्रम मी सरळ बदलायला सांगतो. इथे मात्र चौथा_गिअर बरोबर आहेत.

पण डाग आले कुठून तेही बघा. हँडब्रेकची केबल आत गंजून अडकली असेल किंवा हौसिंगकडे जाणारा रबरी पाइप आतून सुजला असेल, तर ब्रेक सोडला तरी शू घासत राहतो. नवा ड्रमही त्याच वाटेने जाणार. रस्त्यावरून आल्यावर दोन्ही बाजूंच्या ड्रमची उष्णता लांबूनच हात धरून ताडा, एक बाजू फार गरम असेल तर तिथे घासतंय.

गप्पिष्ट

वेळ मिळाला, लिहितो. आमची पिकअप रिकामी असली की हलक्या ब्रेकला मागची चाकं लॉक होतात, माल भरला की एकदम गुणी. कुणी म्हणालं लायनर हलका टाका.

तेलकट_हात

गप्पिष्ट, लायनरला हात लावू नका. हौसिंग आणि चासीच्या मध्ये एक सळई किंवा स्प्रिंग असलेला व्हॉल्व्ह शोधा, तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. माल भरला की चासी खाली बसते, सळई हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. रिकाम्या गाडीत ते कमी राहायला हवं. सळई वाकली, गंजून अडकली किंवा कुणी पाटा वाढवून गाडी उंच केली की त्याचा हिशोब चुकतो. त्याची सेटिंग मॅन्युअलमधल्या मापानेच करायची, अंदाजाने नाही.

एका चाकाचाच ब्रेक पकडत असेल तर मग लायनरवर तेल आलंय का बघा. एक्सलचं ऑइल सील गळलं की गिअर ऑइल थेट ड्रममध्ये येतं. तेल प्यालेला लायनर धुऊन-भाजून चालवायचा नसतो, दोन्ही बाजूंचे बदलायचे.

गप्पिष्ट

सळई सापडली. तारेने बांधून ठेवलीय कुणीतरी. _/\_

उंटावरचा

तार हा पिकअपचा सर्वात विश्वासू पार्ट आहे.

सरळमार्गी

ड्रम उघडणाऱ्या सगळ्यांसाठी एक सूचना. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, फुंकूही नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की आयुष्यभर बाहेर येत नाही. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, घोडी (आधाराचा स्टँड) लावा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा.

मापात_पाप

निवांत, लेथवाला यांनी जे सांगितलं ते डायल गेज (बारीक डुलणं सुईवर दाखवणारं मापयंत्र) नसतानाही तपासता येतं.

मागची दोन्ही चाकं उचलून हौसिंगखाली घोड्या लावा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढे ठोकळे. चाक काढा. ड्रम स्टडवर जाड वॉशर टाकून नटांनी हलकेच, एकाआड एक आवळा. मागच्या भोकातून ॲडजस्टर फिरवून शू जेमतेम टेकवा, इतकाच की हाताने ड्रम फिरवताना खस्स असा आवाज यावा. आता सावकाश फिरवा. आवाज अखंड असेल तर ड्रम गोल. फेऱ्यात एकदा खस्स, मग शांत, तर मध्य सरकलाय. दोनदा असेल तर लंबगोल.

मग चाक बसवून नट पूर्ण आवळा आणि तेच परत ऐका. आवाज बदलला तर दोष आवळण्यात किंवा टेकण्याच्या जागेत आहे.

पुढची पायरी सर्वात महत्त्वाची. ड्रम काढा, एक स्टड पुढे फिरवून परत बसवा. आधी ड्रमवर आणि फ्लँजवर खुणा करून ठेवा. खस्सची जागा ड्रमच्या खुणेबरोबर सरकली तर दोष ड्रमचा. ती फ्लँजच्या त्याच स्टडपाशी राहिली तर ड्रम निर्दोष, एक्सल बघा.

चौथा_गिअर

एवढ्या वेळात नवे ड्रम बसवून गाडी कामावर गेली असती.

मापात_पाप

आणि एक्सल वाकडा असेल तर नव्या ड्रमसकट धडधडत गेली असती.

रात्रपाळी

भांडू नका, धागा चांगला चाललाय.

ड्रम उघडताच आहात तर बॅक प्लेटवर शू जिथे घासतो त्या उंचवट्यांवर बोट फिरवा. तिथे खाच पडली असेल तर शू तिच्यात अडकतो, मग सुटून उडतो. उंचवट्यांना उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात पुरे. चोपडू नका, वितळून लायनरवर येतं. आणि शूची जागा बघा. काही ड्रममध्ये एका शूचा लायनर आखूड आणि दुसऱ्याचा लांब असतो. आखूड पुढच्या बाजूला, लांब मागे. घाईत उलटे बसवलेले मी पाहिलेत, मग ब्रेक काही केल्या नीट लागत नाही.

निवांत_चालक

आता खरा अहवाल.

शू बरोबर बसलेत, उंचवटे ठीक आहेत. निळे डाग नाहीत. व्यास कोरलेल्या मर्यादेच्या आत आहे, लेथवाल्याकडच्या गेजने मोजून घेतला.

डावी बाजू : नुसता ड्रम वॉशरवर आवळला तर फेऱ्यात दोनदा अगदी बारीक आवाज. चाक बसवून नट आवळले की तोच आवाज दुप्पट. ड्रम काढून फ्लँजवर टॉर्च मारला. मधल्या उंचवट्याभोवती गंजाची कडक वळी, आणि समोरासमोरच्या दोन स्टडच्या बुडाशी पापुद्रे, नखाने न निघणारे. त्यावर ड्रम टेकल्याच्या चकचकीत खुणा होत्या, मधे मात्र मातकट गंज जसाच्या तसा. म्हणजे ड्रम सगळीकडे टेकतच नव्हता.

उजवी बाजू : फेऱ्यात एकदा खस्स, चाक असो वा नसो. ड्रम एक स्टड फिरवून बसवला, परत एकदा फिरवला. खस्स प्रत्येक वेळी त्याच स्टडपाशी.

मापात_पाप

वा! उजवीकडे ड्रम सुटला. आता एक्सल, फ्लँज नाहीतर बेअरिंग. चाकाच्या वर आणि खाली हात धरून हलवा. खडखड असेल तर बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आहे. नसेल तर डायल गेज कुणाकडून तरी मागून आणा आणि फ्लँजच्या चेहऱ्यावर लावून फिरवा.

डावीकडे वायर ब्रशने फ्लँज आणि ड्रमची आतली बाजू दोन्ही धातूपर्यंत साफ करा. ग्राइंडर लावू नका, फ्लँज खाल्ला जाईल.

लेथवाला

आणि चाकाचे नट हवेच्या गनने ठोकू नका. दोन हातांनी बसवा, समोरासमोर क्रमाने आवळा, शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या मापावर. एक नट जास्त आणि शेजारचा कमी आवळला तरी पातळ ड्रम ओढला जाऊन लंबगोल होतो. मेहनत आमची आणि त्यावर पाणी फिरवणार गनवाला.

सरळमार्गी

एक शंका. एक्सल वाकडा असेल तर ब्रेक न दाबताही चाक डुगडुगायला हवं ना? निवांत यांची तक्रार फक्त ब्रेकच्या वेळची आहे. मला एक्सलचं निदान पटत नाही.

तेलकट_हात

शंका रास्त आहे. पण किती वाकलाय त्यावर ते अवलंबून असतं. बराच वाकला तर चाक डुगडुगणारच, मागून बघणाऱ्यालाही दिसेल. थोडा असेल तर टायर आणि पाटे ते पोटात घेतात. ब्रेक दाबल्यावर मात्र शू थेट ड्रमला टेकतो, मध्ये रबर नाही. केसभर आऊट असला तरी तो शूला ढकलतो, शू पिस्टनला, पिस्टन तेलाला, आणि तेल पायाला.

मापात_पाप

आकड्यांत : फ्लँजचा व्यास १४ सेंमी आणि कडेला ०.३ मिमी आऊट धरा. टायरच्या ७० सेंमी व्यासावर ते १.५ मिमी होतं. एवढं तर कित्येक टायरमध्येच असतं, चालवताना कळणार नाही. ब्रेकच्या ड्रमला मात्र ०.३ खूप झाले.

सरळमार्गी

हे पटलं.

चौथा_गिअर

पण मग लेथ मारल्यावर थोडे दिवस बरं का वाटलं? याचं उत्तर द्या. ड्रममध्ये काही नव्हतं तर फरक पडायलाच नको होता.

तेलकट_हात

चांगला प्रश्न. लायनरही तेव्हाच नवे होते. नवा लायनर सुरुवातीला ड्रमला पूर्ण टेकत नाही, मधला पट्टाच टेकतो, मागचा ब्रेक एकूणच मवाळ लागतो. बसत गेला तसा जोर वाढला आणि आऊट जाणवू लागला. जोरात ब्रेक मारल्यावर त्रास कमी होतो तेही असंच. जोरात दाबल्यावर वजन पुढे जातं, थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या डिस्क करतात, मागचं प्रेशर व्हॉल्व्ह रोखून धरतो. हलक्या ब्रेकमध्ये मागच्यांचा वाटा मोठा.

चौथा_गिअर

बरं. एवढं मान्य.

उंटावरचा

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

निवांत_चालक

बेअरिंगला प्ले नाही. ओळखीतून डायल गेज मिळाला. उजवा फ्लँज साफ करून लावला तर सुई ०.३५ मिमीपर्यंत हलते. डावा साफ केल्यावर ०.०५ च्या आत. डावीकडची लंबगोल खस्स साफसफाईने आणि क्रमाने नट आवळून गेली, आता अखंड बारीक आवाज येतो.

उजवा एक्सल शाफ्ट बाहेर काढला. डोळ्याने सरळ दिसतो. दोन व्ही-ठोकळ्यांवर ठेवून फिरवल्यावर फ्लँजची बाजू डुलताना दिसली. सरळ करून घ्यावा की बदलावा?

लेथवाला

बदला. फ्लँजचा चेहरा लेथवर घासून सरळ करणारे भेटतील, पण दांडा वाकला असेल तर त्याने काही होत नाही. आणि प्रेसखाली सरळ केलेल्या शाफ्टला आत चीर आहे की नाही हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही. हा भाग तुटला तर काही गाड्यांत चाकासकट बाहेर येतो.

तेलकट_हात

सहमत. शाफ्ट काढलाच आहे तर ऑइल सील नवं टाका, आणि ते बसवताना शाफ्टच्या आट्यांनी सीलच्या ओठाला चिरू नका. बेअरिंग दाबून बसवलेलं असेल तर काढल्यावर तेच परत वापरू नका. शेवटी हौसिंगचं ऑइल भरायला विसरू नका, शाफ्ट काढताना थोडं सांडलेलं असतं.

जुनं_सोनं

नवा शाफ्ट बसवायच्या आधीही फ्लँजला गेज लावून बघा. नवा म्हणजे सरळ असं नाही, आणि हौसिंगचं टोक वाकलं असेल तर नवा शाफ्टही बेअरिंगला त्रास देईल.

निवांत_चालक

शाफ्ट, सील, बेअरिंग झालं. बसवून गेज लावला, सुई ०.०४ वर. दोन्ही ड्रम तेच जुने, लेथ मारलेले. ॲडजस्टर मापात आणले, हँडब्रेक परत सेट केला.

ऐंशीवरून हलका ब्रेक : पेडल शांत. उतारावर ब्रेक तापवूनही बघितलं, ठोका नाही. रिकाम्या गाडीत अगदी थांबताना उजवीकडून हलकं गुरगुरतं, पण पेडलला कळत नाही.

रात्रपाळी

गुरगुर उजव्या नव्या जोडणीची असेल. लायनर आतापर्यंत वाकड्या ड्रमला घासून बसला होता, आता सरळ ड्रमला परत बसायला वेळ घेणार. थोडे दिवस मधल्या वेगात, मधल्या जोराने ब्रेक मारत चला, तापवू नका. नाही गेली तर शू काढून घासलेला पट्टा बघा, एका कडेलाच चमक असेल तर हलका पॉलिश पेपर मारा.

चौथा_गिअर

अभिनंदन. ड्रम मात्र पुढच्या वेळी नवेच टाका. :)

नवशिक्या

धागा आत्ता वाचला. माझ्या पिकअपला मागेही डिस्क आहे आणि हीच धडधड. सगळं असंच तपासायचं का?

मापात_पाप

फ्लँजचं आणि गंजाचं सगळं तसंच लागू. फरक इतकाच की डिस्कमध्ये डुलण्यापेक्षा जाडीतला फरक जास्त त्रास देतो. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी कडेपासून सारख्या अंतरावर गोल फिरत सात-आठ जागी मोजा. दोन-तीन शतांश मिमीचा फरकही पायाला कळतो. डिस्कच्या आत हँडब्रेकचा छोटा ड्रम असेल तर हँडब्रेकची चाचणी तुम्हाला काहीच सांगणार नाही, कारण तो वेगळ्या पृष्ठभागावर काम करतो. कॅलिपरचे (डिस्कला चिमटणाऱ्या भागाचे) सरकणारे पिन मोकळे आहेत का तेही बघा.

नवशिक्या

पिन एका बाजूचे हलतच नाहीत. वेगळा धागा काढू की इथेच लिहू?

तेलकट_हात

वेगळा काढा, डिस्कवाल्यांना शोधायला सोपं जाईल. आणि निवांत, पन्नास-शंभर किलोमीटर झाले की मागच्या चाकांचे नट टॉर्क पान्याने एकदा परत बघा. साफ केलेल्या फ्लँजवर ड्रम बसतो तसे नट थोडे सैल होतात.